वाचकांचे प्रश्न : इंटरनेटवरील सुरक्षितता आणि सचोटी

इंटरनेटच्या वापराविषयी आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. बहुतेकांनी स्वतःचा बचाव कसा करावा हे विचारले आहे, तर काहींना दुसऱ्याचे छायाचित्र किंवा मजकूर वापरताना मर्यादा कोणती पाळावी, हे जाणून घ्यायचे आहे. हे दोन्ही प्रकारचे प्रश्न मी मुद्दाम एकत्र घेतले आहेत. आपल्या फोनमध्ये आणि ईमेलमध्ये जे साठलेले असते त्यातला मोठा भाग इतरांचा असतो : त्यांचे क्रमांक, त्यांची छायाचित्रे, त्यांनी विश्वासाने लिहिलेला मजकूर. त्यामुळे इथला निष्काळजीपणा क्वचितच आपल्यापुरता राहतो.

प्रश्न : मी अनेक वर्षे एकच पासवर्ड वापरतो आणि प्रत्येक संकेतस्थळासाठी त्याच्या शेवटचा आकडा तेवढा बदलतो. कार्यालयात दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलण्याची सक्ती आहे, तिथेही हीच युक्ती करतो. पासवर्डमध्ये मोठी अक्षरे आणि चिन्हे आहेत. एवढे पुरेसे नाही का?

उत्तर : पुरेसे नाही. आपला पासवर्ड कोणीतरी अंदाजाने ओळखेल अशी भीती आपल्याला वाटते. प्रत्यक्षात बहुतेक पासवर्ड एखाद्या संकेतस्थळाच्या साठ्यातून एकगठ्ठा चोरीला जातात. 2009 मध्ये ‘रॉकयू’ या कंपनीकडून सुमारे 3 कोटी 20 लाख पासवर्ड चोरीला गेले आणि ते तिने कोणतेही सांकेतिक रूप न देता, जसेच्या तसे साठवून ठेवलेले होते. अशा चोरीत तुमचा पासवर्ड कितीही अवघड असला तरी त्याचा उपयोग नसतो. चोरलेली ईमेल आणि पासवर्डची जोडी मग स्वयंचलित प्रोग्रॅमच्या साहाय्याने इतर शेकडो संकेतस्थळांवर वापरून पाहिली जाते. शेवटचा आकडा बदलण्याची युक्ती या प्रोग्रॅमना चांगली ठाऊक असते.

दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलण्याच्या सक्तीमागे जुनी समजूत आहे. अमेरिकेतील ‘निस्ट’ या मानक ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने 2003 मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेमुळे ही पद्धत आणि चिन्हे-आकड्यांचा आग्रह जगभर रुजला. सक्ती झाली की माणसे नेमके तुम्ही करता तेच करतात, म्हणजे शेवटचा आकडा पुढे सरकवतात, हे अनुभवाने लक्षात आल्यावर याच संस्थेने 2017 मध्ये सल्ला बदलला : पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तरच तो बदलायला लावावा, लांबीला महत्त्व द्यावे आणि फुटलेल्या पासवर्डच्या यादीत असलेला पासवर्ड स्वीकारूच नये. मूळ मार्गदर्शिकेतला तो भाग लिहिणारे बिल बर यांनीही आपल्या त्या सल्ल्याबद्दल नंतर जाहीर खेद व्यक्त केला. कार्यालयाचा नियम तुम्हाला पाळावाच लागेल, पण तो बदलावा असे संबंधितांना लेखी सुचवायला हरकत नाही.

तुम्ही एखादा विश्वासार्ह पासवर्ड मॅनेजर वापरायला सुरुवात करा. तो प्रत्येक ठिकाणासाठी वेगळा, लांबलचक पासवर्ड तयार करून लक्षात ठेवतो. तुम्हाला एकच पाठ करावा लागतो आणि त्यासाठी एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द सलग लिहिले तरी चालतात. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी घरातल्या वहीत पासवर्ड लिहून ठेवले तरी ते सगळीकडे एकच पासवर्ड वापरण्यापेक्षा पुष्कळ सुरक्षित आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुरुवात ईमेलपासून करा, कारण ‘पासवर्ड विसरलात?’ या बटणावर टिचकी मारली की इतर सर्व खात्यांच्या किल्ल्या तिथेच येऊन पडतात. ईमेलला द्विस्तरीय पडताळणी लावा, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागितली जाईल. एसएमएसने येणाऱ्या कोडपेक्षा फोनमधल्या अ‍ॅपने तयार केलेला कोड किंवा पासकी (पासवर्डऐवजी फोनमध्येच साठवलेली आणि बोटाच्या ठशाने, चेहऱ्याने वा पिनने उघडणारी किल्ली) अधिक भरवशाची असते, कारण मोबाईल कंपनीला फसवून दुसऱ्याचा क्रमांक आपल्या सिमवर वळवून घेता येतो. 2019 मध्ये ट्विटरचे सहसंस्थापक जॅक डॉर्सी यांचे ट्विटर खातेच त्यांच्या मोबाईल क्रमांकाचा ताबा मिळवून काही काळ बळकावले गेले होते. आपला ईमेल पत्ता एखाद्या ज्ञात चोरीत सापडला आहे का, हे ट्रॉय हंट यांनी 2013 मध्ये सुरू केलेल्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या संकेतस्थळावर विनामूल्य तपासता येते.

प्रश्न : बँकेच्या नावाने आलेली लिंक मी उघडली. पत्त्याच्या बाजूला कुलपाचे चिन्ह होते म्हणून निर्धास्तपणे माहिती भरणार होतो, तेवढ्यात मुलीने थांबवले. कुलूप असूनही पान खोटे असू शकते का?

उत्तर : हो. त्या चिन्हाचा अर्थ इतकाच की तुमच्या ब्राउझरपासून त्या संकेतस्थळापर्यंत जाणारी माहिती सांकेतिक रूपात जाते आणि ती वाटेत कोणाला वाचता येत नाही. पाकीट सीलबंद आहे एवढे त्यावरून कळते. ते कोणाच्या हाती पडणार आहे हे कळत नाही. यासाठी लागणारे प्रमाणपत्र आज कोणालाही काही मिनिटांत फुकट मिळते, भामट्यालाही. लोकांचा असा गैरसमज होतो म्हणूनच गूगलने 2023 मध्ये क्रोम ब्राउझरमधून कुलपाचे चिन्ह काढून टाकले.

म्हणून पत्ता वाचायला शिका. समजा, तुमच्या बँकेचा खरा पत्ता ‘माझीबँक डॉट कॉम’ असा आहे. आता ‘खाते डॉट माझीबँक डॉट कॉम’ आणि ‘माझीबँक डॉट कॉम डॉट खाते डॉट नेट’ हे दोन पत्ते पाहा. दोन्हींत बँकेचे नाव आहे, पण पहिला बँकेचा आणि दुसरा ‘खाते डॉट नेट’ नावाच्या कोणा भलत्याचाच आहे. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघांनंतर जी पहिली एकेरी तिरपी रेघ येते, तिथे थांबून पत्ता उजवीकडून डावीकडे वाचायचा असतो. शेवटचा तुकडा आणि त्याच्या लगतचा तुकडा मिळून मालक ठरतो. काही देशांच्या पत्त्यांचा शेवट ‘डॉट को डॉट यूके’सारखा दोन तुकड्यांचा असतो, तिथे आणखी एक तुकडा डावीकडे सरकावे. फोनच्या अरुंद पडद्यावर लांब पत्ता अर्धाच दिसतो आणि फसवणारे नेमका त्याचाच फायदा घेतात. शिवाय इंग्रजीतल्या ‘ए’सारखेच दिसणारे अक्षर रशियन लिपीत आहे, ते वापरून केलेला बनावट पत्ता डोळ्यांना ओळखणे फार अवघड जाते.

त्यामुळे पैशाच्या बाबतीत लिंकवरून आत जाऊच नये. बँकेचे अ‍ॅप स्वतः उघडावे किंवा पत्ता स्वतः टाइप करावा. क्यूआर कोड हीसुद्धा लिंकच असते, हे ध्यानात असू द्यावे. मुलीने योग्य वेळी हटकले. तिचे कौतुक करा.

प्रश्न : माझ्या मावसबहिणीच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून ‘माझा सहा अंकी कोड चुकून तुझ्याकडे आला आहे, पाठव’ असा निरोप आला. मी पाठवला आणि माझे खातेच गेले. माझ्या नावाने ओळखीच्यांकडे पैसे मागितले गेले. दोन दिवसांनी खाते परत मिळाले. आता हे सर्वांना सांगावे की झाले गेले विसरावे? फार लाज वाटते.

उत्तर : सांगावे, आणि आजच सांगावे. तो निरोप तुमच्या बहिणीचा नव्हता. तिचे खाते आधीच चोराच्या हाती गेले होते. चोराने स्वतःच्या फोनवर तुमचा क्रमांक टाकला, त्याबरोबर व्हॉट्सअ‍ॅपने खात्री करण्यासाठी तुम्हाला कोड पाठवला, आणि तो त्याला हवा होता. तुमच्या नावाने त्याने तुमच्या ओळखीच्यांकडे फक्त पैसेच मागितले असतील असे नाही, त्यांच्याकडे कोडही मागितले असतील. बहिणीने वेळेवर सांगितले असते तर तुम्ही सावध झाला असता. तुमच्यामुळे आणखी कोणी सावध होणार असेल, तर लाजेपोटी गप्प राहणे योग्य नाही.

निरोपात अमुक दिवशी अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंत खाते आपल्या ताब्यात नव्हते, हे नेमके लिहा. जुने संभाषण नव्या फोनवर आपोआप उतरत नाही, पण तुमचे गट आणि त्यांतील सदस्यांचे क्रमांक चोराला दिसलेले असू शकतात, म्हणून गटांनाही कळवा. ज्यांनी पैसे पाठवले असतील त्यांना फोन करा आणि त्यांच्या बँकेकडे व पोलिसांकडे तक्रार करताना सोबत राहा. सेटिंगमध्ये द्विस्तरीय पडताळणीचा पिन लावा आणि जोडलेल्या उपकरणांच्या यादीत अनोळखी काही दिसले तर तिथून लॉग आउट करा.

प्रश्न : फोन आणि संगणक सारखे अपडेट मागतात. टाळले तर बिघडते का?

उत्तर : बिघडते. मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका त्रुटीवरचा उपाय मार्च 2017 मध्ये उपलब्ध करून दिला होता. मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर प्रोग्रॅम त्याच त्रुटीचा फायदा घेत दीडशेहून अधिक देशांत पसरला. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतील रुग्णालयांना शस्त्रक्रिया आणि तपासण्या पुढे ढकलाव्या लागल्या. हा प्रोग्रॅम एका संगणकावरून दुसऱ्यावर आपोआप जात होता, म्हणजे एकाने टाळलेले अपडेट शेजारच्याला भोवत होते. स्वयंचलित अपडेट सुरू ठेवा.

प्रश्न : नणंदेच्या लहान मुलीचे फोटो मी कौतुकाने फेसबुकवर टाकले. नणंदेने ते काढायला सांगितले. एवढे मनावर घेण्यासारखे त्यात काय होते?

उत्तर : फोटो तुम्ही काढला असला तरी चेहरा त्या मुलीचा आहे, आणि ती लहान असल्यामुळे तिच्या वतीने ठरवण्याचा अधिकार तिच्या आईवडिलांचा आहे. त्यांनी कारण द्यावे अशी अपेक्षाही धरू नये. तरीही कारणे पुष्कळ असतात. वाढदिवसाच्या फोटोवरून जन्मतारीख कळते, गणवेशावरून शाळा कळते, मागच्या पाटीवरून राहण्याची जागा कळते. शिवाय फोनने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये तो कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांश नोंदलेले असू शकतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला तर ही नोंद निघून जाते. तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ती तशीच राहते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये स्थानाची नोंद बंद करता येते.

फोटो काढून टाका, दिलगिरी व्यक्त करा आणि ज्यांनी तो पुढे पाठवला असेल त्यांनाही काढायला सांगा. मूल थोडे जाणते झाले की त्यालाही विचारत जावे. आपल्याला विचारले जाते हे ज्या मुलाने घरात पाहिले आहे, ते मोठेपणी दुसऱ्याला विचारल्याशिवाय त्याचा फोटो टाकणार नाही, अशी आशा धरता येते.

प्रश्न : खात्री नसलेली माहिती पुढे पाठवताना मी ‘खरे-खोटे माहीत नाही’ असे लिहितो. मग माझ्यावर जबाबदारी राहत नाही ना?

उत्तर : राहते. तुमची टीप वेगळ्या संदेशात असते. पुढचा माणूस मूळ संदेश पाठवतो आणि टीप मागे राहते. सोरुश वोसुघी, देब रॉय आणि सिनान अराल यांनी 2006 ते 2017 या काळात ट्विटरवर पसरलेल्या सुमारे 1,26,000 बातम्यांचा अभ्यास करून 2018 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा 70 टक्क्यांनी अधिक होती, आणि 1,500 लोकांपर्यंत पोहोचायला खऱ्या बातमीला सहापट वेळ लागत होता. स्वयंचलित खात्यांनी खऱ्या आणि खोट्या दोन्ही बातम्यांचा वेग सारखाच वाढवला होता; खोटे अधिक पसरवले ते माणसांनी. खात्री नसेल तर पाठवू नये. चुकीचे काही आधीच पाठवले असेल तर ज्या गटात पाठवले त्याच गटात दुरुस्ती लिहावी.

प्रश्न : माझ्या सोळा वर्षांच्या पुतण्याने ऑनलाइन ओळख झालेल्या कोणाला तरी स्वतःचा उघडा फोटो पाठवला. आता पैसे दे, नाहीतर फोटो सर्वांना पाठवीन, अशी धमकी येत आहे. त्याने हे फक्त मला सांगितले आहे आणि वडिलांना सांगू नका म्हणतो.

उत्तर : सर्वप्रथम त्याला सांगा की गुन्हा धमकी देणाऱ्याचा आहे. हे वाक्य त्याला आज अनेकदा ऐकू द्या आणि आजची रात्र त्याला एकटे सोडू नका. अशा धमक्यांमुळे मुलांनी जिवाचे बरेवाईट करून घेतल्याच्या घटना घडल्या आहेत.

पैसे देऊ नका, कारण एकदा पैसे मिळाले की मागणी वाढते. धमकीचे संदेश, समोरच्याच्या खात्याचे नाव व लिंक आणि पैसे मागितलेल्या खात्याचा तपशील यांचे स्क्रीनशॉट घ्या. त्यानंतरच उत्तर देणे बंद करून ते खाते ब्लॉक करा, त्या अ‍ॅपकडे तक्रार करा आणि पोलिसांच्या सायबर विभागाकडे जा. तो फोटो मात्र पुरावा म्हणूनसुद्धा स्वतःच्या फोनवर घेऊ नका किंवा कोणाला पाठवू नका. अल्पवयीन मुलाचे असे चित्र बाळगणे वा पाठवणे हाच अनेक देशांत गुन्हा आहे. फोटो आहे तिथेच राहू द्या आणि पोलिसांना विचारून पुढचे ठरवा.

फोटो पसरू नये यासाठी अमेरिकेतील हरवलेल्या व शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राची ‘टेक इट डाउन’ ही विनामूल्य सेवा आहे. तिच्यात फोटो कुठेही पाठवावा लागत नाही. मुलाच्याच फोनवर त्याचा एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून आपल्या व्यासपीठांवर तो फोटो शोधून हटवू शकतात. प्रौढांसाठी ‘स्टॉप एनसीआयआय’ ही अशीच सेवा 2021 मध्ये सुरू झाली. सहभागी नसलेल्या संकेतस्थळांवर किंवा सांकेतिक खासगी संभाषणांत या सेवा पोहोचू शकत नाहीत, हेही त्याला आधीच सांगा.

वडिलांना सांगणार नाही असे वचन देऊ नका, कारण तक्रारीसाठी पालक लागण्याचा संभव आहे. ‘मी आधी त्यांच्याशी बोलतो, तू खोलीत ये तेव्हा ते रागावलेले नसतील याची काळजी मी घेईन,’ असे त्याला सांगा आणि खरोखरच आधी भावाशी एकांतात बोला.