डब्यातल्या बायकांना विचारलं तर काय बिघडलं?

प्रिय मावशी,

मी डोंबिवलीला राहते, नोकरी ठाण्याला. माहेर पुसदकडचं, सासर कोकणातलं. मुलगा आठ महिन्यांचा आहे. माझी आई दोन वर्षांपूर्वी गेली आणि सासूबाई तर लग्नाआधीच गेल्या होत्या. घरी सासरे असतात, आणि दिवसा बाळाला सांभाळायला एक ताई येतात. विचारायला घरात मोठं बाईमाणूस नाही, म्हणून मी कुणालाही विचारते. लोकलच्या डब्यात, भाजीवालीला, दवाखान्यात शेजारी बसलेल्या बाईला. उकडीचे मोदक मी असेच शिकले, कारण आमच्याकडे तळणीचे करतात. माझी पारी फुटायची. डब्यातल्या एका काकूंनी आधी मलाच चार प्रश्न विचारले, मग सांगितलं, आणि मोदक जमले.

पण आता गोंधळ उडालाय. बाळाला खोकला झाला तर एकींनी मध आणि आल्याचा रस चाटवायला सांगितलं. "माझ्या तिन्ही मुलांना दिलाय," म्हणाल्या. मी दोन दिवस दिला. सासऱ्यांना बागेत फिरायला येणाऱ्या कुणीतरी दुधी-कारल्याचा रस सांगितला, त्यांनी साखरेच्या गोळ्या बंद केल्यात. खालच्या मजल्यावर मुस्लिम कुटुंब आहे, त्यांचे आजोबा परवा गेले. भेटायला जाताना काही न्यावं की नाही, याची मला दोन उलटी उत्तरं मिळाली आणि मी अजून गेलेच नाही. आणि दिव्याला चढलेल्या एक बाई म्हणाल्या, "नोकरी सोड, लेकरू एकदाच लहान असतं." तेव्हापासून बाळ झोपलं तरी मला झोप लागत नाही. आंघोळ करताना रडू येतं. नवरा म्हणतो, "ऊठसूट परक्यांपुढे घर कशाला मांडतेस?" माझं खरंच चुकतंय का?

– गोंधळलेली


लेकी,

आधी दोन गोष्टी. त्या आजच करायच्या आहेत, म्हणून पहिल्यांदा त्याच सांगते.

बाळाला मध देणं थांबव. वर्ष पूर्ण होईपर्यंत मधाचं बोटसुद्धा नको. मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या पोटात त्यांचं काही चालत नाही, पण तान्ह्याच्या आतड्यात ते रुजतात आणि विष तयार करतात. त्या विषाने स्नायू लुळे पडतात. या आजाराला बोट्युलिझम म्हणतात. मध डोंगरातला असो, ओळखीच्या माणसाकडचा असो, धोका तोच, आणि घरच्या शेगडीवर उकळूनही हे बीजाणू मरत नाहीत. असं फार क्वचित घडतं, तेव्हा घाबरून जाऊ नकोस. पण पुढचा महिनाभर लक्ष ठेव. शी अचानक बंद झाली, दूध ओढताना जोर कमी वाटला, रडण्याचा आवाज बारीक झाला, पापण्या जडावल्या किंवा सावरलेली मान पुन्हा लटपटू लागली, तर त्याच घटकेला बालरोगतज्ज्ञांकडे ने आणि मध चाटवला होता हे पहिल्या वाक्यात सांग. लपवू नकोस. त्या एका वाक्याने निदान लवकर होऊ शकतं.

दुसरी गोष्ट सासऱ्यांची. गोळ्या पुन्हा कशा सुरू करायच्या हे विचारायला त्यांना उद्याच त्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, तीही करून घ्या. साखर वाढताना बरेचदा काही जाणवत नाही. म्हणूनच गोळी सोडलेल्या माणसाला पहिले काही आठवडे छान वाटत राहतं आणि तो रसाचे गुण गातो. उलट, भीतीने गोळ्या परत सुरू केल्या आणि कारल्याचा रसही चालूच ठेवला, तर काही गोळ्यांबरोबर साखर प्रमाणाबाहेर उतरू शकते. घाम सुटतो, हात थरथरतात, काही सुचत नाही. सासरे दिवसभर बाळाजवळ असतात, हे विसरू नकोस. अशा वेळी बाळ त्यांच्या कडेवर असेल तर? साखर उतरल्याची ही लक्षणं आणि लगेच साखरपाणी द्यायचं, हे घरी येणाऱ्या ताईंनाही शिकवून ठेव.

आणि तो दुधी. दुधी कधीकधी कडू निघतो. तो कडूपणा ज्या द्रव्यांमुळे येतो ती विषारी असतात. कडू दुधीच्या रसाने आपल्या देशात माणसं दगावली आहेत, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नेमलेल्या समितीने २०११ मध्ये स्पष्ट सांगितलं की कडू दुधीचा रस पिऊ नये, आणि रस प्यायल्यावर उलट्या किंवा पोटदुखी सुरू झाली तर तडक रुग्णालय गाठावं. आपल्याकडच्या सुगरणी दुधी किंवा काकडी चिरायला घेतली की आधी एक फोड जिभेला लावून बघतात, आणि कडू लागली तर सगळीच टाकून देतात. रसात कारलं घातलं की ती सोयच राहत नाही. सगळंच कडू, मग दुधी कडू होता हे कळणार कसं?

हे सासऱ्यांना तू सांगू नकोस. तुझ्या नवऱ्याने सांगावं. वडिलांना औषधाबद्दल चार शब्द सुनावणं हे मुलाचं काम आहे, आणि सुनेने सांगितलं की घरात भलताच वाद उभा राहतो.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे येते. परक्यांना विचारण्यात तुझं काहीही चुकत नाही. उलट ज्या घरात उत्तर देणारं कुणी नाही, त्या घरातल्या बाईने तोंड मिटून बसावं, असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. आपल्या भाषेत या विचारण्याला मोठी परंपरा आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ च्या जुलैत 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं. घरात कुणाला विचारता येणार नाहीत असे कामजीवनाचे प्रश्न लोक त्यांना पत्राने विचारत आणि कर्वे उत्तरं छापत. त्या उत्तरांपायी १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. खटला हरला, दंड झाला, पण मासिक बंद पडलं नाही. १९५३ मध्ये कर्वे गेले तोपर्यंत ते निघत होतं. लोकांनी अनोळखी माणसाला विचारावं आणि त्याने नीट उत्तर द्यावं, याची किंमत एका माणसाने अशी मोजली आहे. तेव्हा विचारण्याची लाज बाळगू नकोस.

फक्त कुणाचं ऐकायचं ते ठरव. ते ठरवायचं कसं, हे तुझ्याच पत्रात आहे. मोदक सांगणाऱ्या काकूंनी आधी तुला प्रश्न विचारले. तांदूळ नवा की जुना, पीठ कसं दळलंय, पारी वळतानाच फुटते की उकडताना, असंच काहीतरी त्यांनी विचारलं असणार. कारण नव्या तांदळाच्या पिठाला पाणी कमी लागतं आणि जुन्याला जास्त, हे त्यांच्या हाताला माहीत आहे आणि तुझ्या घरी कोणता तांदूळ आहे हे त्यांना माहीत नाही. मधवाल्या बाईंनी बाळ किती महिन्यांचं आहे हे तरी विचारलं का? बागेतल्या गृहस्थांनी सासरे कोणती गोळी घेतात, मूत्रपिंड कसं आहे, हे विचारलं का? प्रश्न न विचारता जो उत्तर देतो तो स्वतःच्या घरचं सांगत असतो. खोटं नसतं ते. त्या बाईंची तिन्ही मुलं धडधाकट असतील, आणि मला त्याचा आनंदच आहे. पण ज्यांना एखादा उपाय बाधला ते बागेत येऊन सांगत नाहीत. कुणी अंथरुणाला खिळलेलं असतं, कुणी राहिलेलंच नसतं. आपल्या कानावर येतात ते सगळे गुण आलेलेच.

म्हणून विचारण्याची पद्धत थोडी बदल. "मी काय करू?" असं विचारलंस की समोरची बाई तुझी आई होऊन हुकूम देते. "तुम्ही काय केलंत? तेव्हा बाळ केवढं होतं? पुढे काय झालं?" असं विचार. मग ती आपली हकिगत सांगेल, आणि हकिगतीतून घ्यायचं ते घेता येतं.

आणि एक हद्द ठेव. बिघडलं तर जे टाकून देता येतं, उसवता येतं, पुन्हा करता येतं, ते जगाला विचार. कुरडयांचा चीक, अळूची खाज, बारशाला काय न्यायचं, ब्लाउजचं माप, कुठल्या मंडईत ताजी मासळी मिळते, सगळं बिनधास्त विचार. जे पोटात जाणार आहे आणि औषध म्हणून जाणार आहे, ते मात्र नाही. तिथेही परक्याचं सगळं खोटं असतं असं नव्हे. जुलाबावर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे डब्यातल्या बाईनेही सांगितलं तरी बरोबरच आहे. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांमध्ये पटकी पसरली तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगावच्या छावणीत असंच साखर-मिठाचं पाणी रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिलं आणि मृत्यूचं प्रमाण कितीतरी खाली आणलं. पण ते प्रमाण आधी तपासलेलं होतं. बाळासाठी ओआरएसची पुडीच घरात ठेव, म्हणजे चमच्याच्या मापाचा घोळ नको. रात्री-अपरात्री शंका आली तर महाराष्ट्रात १०४ क्रमांकावर आरोग्याचा सल्ला मिळतो. तिथलं माणूसही परकंच, पण त्याच कामासाठी बसलेलं.

तुझ्या नवऱ्याच्या म्हणण्यातली एक गोष्ट मात्र मला पटते. तुझं स्वयंपाकघर, तुझं शरीर, तुझं मन, हे कुणापुढे उघडायचं ते तू ठरव. सासऱ्यांचं दुखणं किंवा नवऱ्याचा पगार डब्यात सांगण्याआधी त्यांना विचार. "आमच्या ओळखीतले एक गृहस्थ आहेत" असं म्हणूनही विचारता येतं. त्याला हे सांग, आणि हेही सांग की बाळाच्या खोकल्याचं काय करायचं हा प्रश्न त्यालाही पडायला हवा. दोघांच्या बाळाचे प्रश्न एकटी तू गाडीत घेऊन का फिरतेस?

खालच्या मजल्यावर आज जा. उशीर झाला म्हणून संकोच करू नकोस. अनेक मुस्लिम घरांत मयतानंतरचे पहिले तीन दिवस नातलग आणि शेजारी जेवण पाठवतात. तुझ्या माहेरीही सुतकाच्या घरी शेजारचं पिठलं-भात जात असेलच. पण रीत घरागणिक बदलते, तेव्हा हे तिसऱ्या कुणाला विचारूच नकोस. त्यांच्याच सुनेला किंवा मुलीला बाजूला घेऊन विचार, "संध्याकाळचं जेवण पाठवू का? किती माणसं आहेत?" ती नको म्हणाली तर घटकाभर बसून ये. बोलायला सुचलं नाही तर आजोबांची एखादी आठवण सांग. जिन्यात बाळाशी बोलत असतील, तेवढंही पुरे.

शेवटी नोकरीचं. दिव्याला चढलेल्या त्या बाईंना तुमचे हप्ते माहीत नाहीत, तुझं काम तुला आवडतं का हे माहीत नाही, आणि त्यांनी तुला काही विचारलंही नाही. ते वाक्य तुला एवढं लागलं, याचं कारण मला तुझ्या झोपेत दिसतं. बाळ झोपलेलं असतानाही झोप न येणं, एकटीने रडू येणं, हे बाळंतपणानंतरच्या वर्षात पुष्कळ जणींना होतं, आणि ते नैराश्यही असू शकतं. त्यावर उपचार आहेत. त्यात आईला जाऊन दोनच वर्षं झालीत, आणि बाळंतपणात तर तिची आठवण ठायी ठायी आली असणार. तुझ्या स्त्रीरोगतज्ज्ञांना हे जसंच्या तसं सांग. तोवर १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीतून बोलता येतं. झोप परत येईपर्यंत राजीनाम्याचा विचारसुद्धा करू नकोस. अशा मनाने घेतलेला निर्णय नोकरी सोडण्याचा असो की टिकवण्याचा, पुढे त्याचाच त्रास होतो.

त्यानंतर ऑफिसात चौकशी कर. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय करणं २०१७ पासून कायद्याने बंधनकारक आहे, आणि दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभाही आईला आहे. डोंबिवलीहून गर्दीच्या गाडीतून बाळाला ठाण्याला नेणं सोपं नाही, हे मला कळतं. घराजवळचं पाळणाघर बघायचं ठरलंच तर आधी न कळवता दुपारी बारा-एकच्या सुमाराला जा. एका बाईकडे किती मुलं आहेत, रडणाऱ्याला कोण उचलतं, भरवताना हात धुतले जातात का, ते तुझ्या डोळ्यांनी बघ, आणि पाच वाजता मुलं न्यायला येणाऱ्या आयांना गाठून विचार.

– तुझी मावशी