श्वास रोखून तपासणारे डॉक्टर

"कोविड गेला हो, पण आमच्या ह्यांच्यातून काही जाईना. डॉक्टर माणसाला असं होतं का?"

2022 च्या दिवाळीनंतर एका बाईंचा हा फोन. पती नेत्रतज्ज्ञ, मराठवाड्यात तालुक्याच्या गावी स्वतःचं छोटं हॉस्पिटल. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) संध्याकाळ झाली की छाती आवळते, डोकं जड होतं, रात्री झोप नाही. ईसीजी, टूडी इको, सगळं नॉर्मल.

समुपदेशक म्हणून हा प्रश्न मला डॉक्टरांच्या घरून बऱ्याचदा येतो. ज्याला रोग कळतो त्याला भीती कमी, असं लोक धरून चालतात. माझा अनुभव नेमका उलटा.

डॉक्टर आले तेच "हिच्या समाधानासाठी आलोय" म्हणत. प्रश्नांना उत्तरं एकेका शब्दात. शेवटी म्हटलं, तुम्ही डोळा कसा तपासता ते तरी दाखवा. टेबलावर चार जाड पुस्तकं रचून त्यावर मी हनुवटी टेकवली. त्यांनी खुर्ची ओढली, नसलेल्या स्लिट लॅम्पचा, म्हणजे डोळा तपासायच्या यंत्राचा, दांडा धरला आणि पुढे वाकले. आमच्यात जेमतेम वीतभर अंतर. त्यांचा श्वास थांबला. मागे सरले तेव्हाच सुटला.

"डॉक्टर, श्वास रोखलात."

"छे." पुन्हा करून पाहिलं. "अरेच्चा!"

रोजचे पन्नासेक पेशंट, प्रत्येकाचे दोन डोळे. संध्याकाळी छाती आवळणार नाही तर काय!

मग ते बोलायला लागले. वुहानमध्ये साथीचा इशारा देणारे ली वेनलियांग नेत्रतज्ज्ञच होते. लक्षणं नसलेल्या एका काचबिंदूच्या पेशंटला तपासताना त्यांना लागण झाली असावी. 7 फेब्रुवारी 2020 ला ते गेले, ऐन तिशीत. पुढच्याच महिन्यात त्याच हॉस्पिटलमधले आणखी दोन नेत्रतज्ज्ञ गेले. "दातांचे डॉक्टर सोडले तर पेशंटच्या तोंडाशी इतकं जवळ कोण जातं, सांगा." त्यांनी तेव्हा जुन्या एक्स-रेची फिल्म धुऊन, दोन भोकं पाडून स्लिट लॅम्पला पडदा म्हणून लावली होती. पडदा पुढे काढला, श्वास रोखणं मात्र तसंच राहिलं.

इथवर मला वाटलं, भीतीच आहे. सवय मोडू, झालं. चौथ्या भेटीत ते एकदम म्हणाले, "भीतीचं सोडा हो. एक आजी आहेत."

लॉकडाऊनमध्ये तातडीचे पेशंट सोडून बाकी काम बंद होतं. देशभर नेत्रतज्ज्ञांना तसंच सांगितलं गेलं होतं. मोतीबिंदूला वाट पाहता येते, ऑपरेशन नंतर करता येतं. काचबिंदू वाट पाहत नाही: थेंबांनी डोळ्यातला दाब आटोक्यात ठेवावा लागतो, आणि गेलेली नजर परत येत नाही. या आजींचे थेंब एप्रिलमध्ये संपले. एसटी बंद, गाव लांब, दुखत तर काही नव्हतं. सप्टेंबरात आल्या तेव्हा उजव्या डोळ्याला फक्त उजेड कळत होता. आजी त्यांना एका शब्दानेही बोलल्या नाहीत. तेच त्यांना जास्त लागलं. 2021 च्या काळ्या बुरशीबद्दल मात्र ते एक वाक्य बोलून थांबले. मीही खोदलं नाही.

"तुमची चूक नव्हती" असं मी म्हटलं नाही. बायको ते दोन वर्षं म्हणत होती, उपयोग शून्य. मी विचारलं, काचबिंदूचे असे किती पेशंट आहेत, ज्यांचे थेंब कधी संपतात ते तुम्हाला माहीत नाही? त्यांनी वहीच काढली.

झोपेसाठी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, काही आठवडे गोळी चालली. स्लिट लॅम्पच्या दांड्यावर हिरवी टिकली चिकटवली: ती दिसली की वाकता वाकता श्वास सावकाश सोडायचा. पहिले आठ दिवस चिडले, "फोकस हलतो" म्हणाले. दर दहा पेशंटनंतर कंपाउंडर पाण्याचा ग्लास आणून समोर उभा राहायचा, प्यायल्याशिवाय हलायचा नाही. तोच आता वही बघून थेंब संपायच्या आठवडाभर आधी फोन लावतो.

शेवटच्या भेटीत विचारलं, "छाती कशी आहे?"

"आजी आल्या होत्या काल," ते म्हणाले. "डाव्या डोळ्याचा दाब चौदा. नॉर्मल."