उडी किती, हे विचारण्याआधी ती कशी मोजली ते बघा

तुम्ही दिलेली माहिती अशी: मुलगी सोळा वर्षांची, उंची १७२ सेमी, व्हॉलीबॉलमध्ये आउटसाइड हिटर (नेटच्या कडेने चेंडू मारणारी), जंप मॅटवर कमरेवर हात ठेवून उडी ३१ सेमी. अव्वल महिला खेळाडू ७५ सेमी उडतात असं तुमच्या वाचनात आलं आणि एवढी तफावत कधी भरून निघेल का, असं तुम्ही विचारलंत. तफावत आहे, पण ४४ सेमीची मुळीच नाही. हे दोन आकडे एका जातीच्या उडीचे नाहीतच.

कमरेवर हात ठेवून केलेल्या चाचणीत फक्त पायांचा जोर कळतो. या चाचणीत आंतरराष्ट्रीय खेळाडूंची उडीही बहुधा तीस ते चाळीस सेमीच असते. चाळीस सेमी गाठणारी खेळाडू खरोखर ताकदवान म्हणायची. हात मोकळे सोडले की काही सेमी वाढतात, रन-अप मिळाला की आणखी वाढतात. त्यात मोजायची पद्धतही वेगळी. मॅट हवेतला वेळ मोजते, म्हणजे पायांनी जमीन सोडल्यावर शरीर किती वर गेलं तेवढंच तिला कळतं. उडी मारून हाताने उंचावरच्या पट्ट्यांना स्पर्श केला आणि त्या उंचीतून उभी पोहोच (जमिनीवर उभं राहून हात जिथवर जातो ती उंची) वजा केली, तर टाचा उचलल्याने मिळालेली उंचीही उडीत धरली जाते. एवढ्यानेच दहाएक सेमीचा फरक पडू शकतो. उभी पोहोच घेताना खांदा पुरता ताणला नाही तर तीही उंची उडीच्या खात्यात जमा होते. म्हणून मी मुलींची पोहोच मोजते तेव्हा अंग भिंतीला टेकलेलं, खांदा कानाला लागलेला, आणि टाचा खाली आहेत का हे बघायला एक मुलगी शेजारी उकिडवी बसवलेली असते.

स्पर्धांच्या याद्यांमध्ये खेळाडूच्या नावापुढे जी स्पाइकची उंची (उडी घेऊन चेंडू मारताना हात जिथवर पोहोचतो ती) दिसते ती जपून वाचा. ते आकडे सहसा संघांनीच दिलेले असतात, सगळ्यांना एका पद्धतीने मोजलेलं नसतं. क्यूबाच्या मिरेया लुईसचंच घ्या. उंची १.७५ मीटर, १९९२, १९९६ आणि २००० या तिन्ही ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक. तिच्या नावापुढे ३.३९ मीटर असा आकडा लिहिला जातो. एवढ्या उंचीच्या बाईची उभी पोहोच २.३० च्या आत-बाहेर धरली, तर उडी एक मीटरच्या वर जाते. आकडा तंतोतंत खरा असो वा नसो, तिचे जुने सामने जरूर बघा. समोरच्या ब्लॉकवाल्या, म्हणजे नेटपाशी हात वर करून चेंडू अडवणाऱ्या, तिच्यापेक्षा उंच असायच्या आणि तरी तिचा हात त्यांच्या हातांवरून यायचा. उडीचं सौंदर्य काय असतं ते मला तिच्या खेळात जितकं दिसलं तितकं इतर कुणाच्या खेळात दिसलं नाही.

पण तो अपवाद झाला. नेहमीचं गणित सोपं आहे. महिलांचं नेट २.२४ मीटरवर असतं. १.८८ मीटर उंचीच्या खेळाडूची उभी पोहोच २.४५ धरा, ५५ सेमी वर गेली की ती ३ मीटरला पोहोचते, आणि तेवढ्यावर ती मोठ्या स्पर्धेत उभी राहू शकते. पॅरिस २०२४ मध्ये इटलीला सुवर्ण मिळवून देणारी पाओला एगोनू १.९३ मीटर, रिओ २०१६ मध्ये सुवर्ण जिंकलेल्या चीनची झू टिंग १.९८. त्यांना उडीचं निम्मं काम उंचीनेच करून दिलंय. तुमच्या मुलीची पोहोच २.२२ असेल तर तिला ३ मीटरसाठी ७८ सेमी लागतील. त्या एकाच आकड्याच्या मागे तिला लावू नका. २.८० पर्यंत पोहोचणारी, ब्लॉकच्या कडेला चेंडू मारून बाहेर घालवणारी, सर्व्हिस नीट उचलणारी आउटसाइड हिटर कुठल्याही संघाला हवी असते.

आता रन-अपकडे या, कारण तिच्या वयात सगळ्यात जास्त सेमी तिथेच अडकलेले असतात. उजव्या हाताच्या मुलीची शेवटची पावलं डावं, उजवं, डावं अशी पडतात. यातलं उजवं पाऊल लांब आणि वेगात पडायला हवं, टाच आधी टेकवून. डावं लगेच त्याच्या जरा पुढे, किंचित आत वळून. या दोन पावलांतच पुढचा वेग वर वळवायचा असतो. उजवं पाऊल आखूड पडलं की मुलगी पुढे वाहत जाते आणि नेटला लागते. हात त्याच वेळी पाठीमागे पूर्ण गेलेले असावेत. बऱ्याच मुली हात मागे नेतच नाहीत, नुसते पोटाशी हलवतात. मग उडीतली हातांची सगळी मदत वाया जाते.

घरी मोजायचं असेल तर मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमच्या वेगाने बाजूने व्हिडिओ घ्या. शेवटचं पाऊल सुटलं त्या फ्रेमपासून पहिलं पाऊल टेकलं त्या फ्रेमपर्यंत मोजा. १५० फ्रेम भरल्या तर हवेतला वेळ ०.६२५ सेकंद. त्याचा वर्ग करून १२२.६ ने गुणा, ४८ सेमी येतील. गुडघे वाकवून उतरली तर वेळ लांबतो आणि आकडा फुगतो, तेवढं लक्षात असू द्या. याच गणितातून आणखी एक गोष्ट निघते: हवेतल्या एकूण वेळापैकी निम्मा वेळ शरीर उडीच्या वरच्या चौथाईत असतं. चांगली खेळाडू हवेत थांबल्यासारखी दिसते ती यामुळे, आणि चेंडू याच वेळात हाताला लागायला हवा. दोन-तीन सेमी वाढवण्यापेक्षा सेटरशी (चेंडू उठवून देणाऱ्या खेळाडूशी) वेळ जुळवून जास्त पदरात पडतं.

ताकदीसाठी स्क्वॉट हवंच, आधी ढब नीट, मग वजन. उंचावरून खाली उतरून लगेच उसळायच्या ड्रॉप जंप आत्ताच नकोत. प्रशिक्षक व्हेर्खोशान्स्कींनी सोव्हिएत संघात ही पद्धत बसवली ती ताकदीचा पाया असलेल्या खेळाडूंसाठी. तिची रोजच्या सरावातली उड्यांची संख्या आधी बघा. गुडघ्याच्या वाटीच्या खालची कंडरा दुखायला लागली की उडी वाढणं सोडाच, आहे तीही जाते. सकाळी जिना उतरताना तिथे दुखतं का, हे तिला अधूनमधून विचारा. उडीनंतर जमिनीवर उतरताना गुडघे आत झुकतात का तेही समोरून बघा. मुलींमध्ये गुडघ्यातला एसीएल नावाचा अस्थिबंध तुटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त असतं, आणि स्पाइकनंतर एकट्या डाव्या पायावर उतरायची सवय फार जणींना असते. ही सवय सोळाव्या वर्षी मोडता येते, पुढे जड जातं.

तिची उभी पोहोच आणि रन-अपचा बाजूने घेतलेला व्हिडिओ इथे टाका, शेवटची दोन पावलं आणि उतरणं नीट दिसेल असा. चेहरा झाकला तरी चालेल. ते बघून आधी कशाला हात घालायचा ते सांगते.