एडिटिंगच्या आधी फुटेज कन्व्हर्ट करावं का?

तुमच्या लॅपटॉपवर फोर-के फुटेज अडकत चालतंय आणि दुकानदार म्हणतोय, सगळं आधी हलक्या एमपी-फोरमध्ये कन्व्हर्ट करून घ्या. करू का, असं विचारलंय. नका करू. याच सल्ल्यापायी माझं एक काम कायमचं गेलं, म्हणून लिहायला बसलो.

मी सोलापुरात लग्नाचं, कार्यक्रमांचं शूटिंग करतो. काही वर्षांपूर्वी गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेत एका घरचं काम घेतलं होतं. त्या घरातले आजोबा नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठ्या, पेलणाऱ्यांपैकी, आणि पुढच्या वर्षापासून पेलायचं नाही असं त्यांनी ठरवलेलं. अक्षता सोहळ्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाला, मी तो होतो त्या संमती कट्ट्याजवळ सकाळपासून जागा धरून उभा. सातही नंदीध्वज आले. 'सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम' झालं आणि चहूबाजूंनी अक्षता उडाल्या. मी आजोबांवर कॅमेरा धरून होतो. पांढऱ्या बाराबंदीच्या बंदात अडकलेले दाणे, भुवईवर एक दाणा, आणि डोळे मिटलेले. स्क्रीनवर दाणा न् दाणा दिसत होता.

रात्री कार्डं भागीदाराकडे दिली. दुसऱ्या दिवशी यात्रेतल्याच होमप्रदीपनाचं शूटिंग होतं, कार्डं रिकामी हवी होती. मशीन जुनं, 8 जीबी रॅमचं. त्याने सगळ्या क्लिपा 'हलक्या' केल्या आणि कार्डं फॉरमॅट करून टाकली. कॅमेरा सेकंदाला 100 मेगाबिट लिहायचा, म्हणजे तासाला 45 जीबी. ते त्याने 8 मेगाबिटवर आणलं.

मिरवणुकीचे लांबचे शॉट चालून गेले. अक्षता उडाल्या तिथं चित्र फाटलं. अशा हलक्या एमपी-फोर फाइलीत पूर्ण फ्रेम मधून मधूनच साठवतात, बाकीच्या फ्रेममध्ये काय बदललं तेवढंच लिहितात. हजारो दाणे एकदम उडाले की अख्खी फ्रेमच बदलते, आणि ते 8 मेगाबिटात मावत नाही. दाण्यांच्या जागी नुसते पांढरट चौकोन. आजोबांच्या मुलाने घरच्या टीव्हीवर बघितलं आणि विचारलं, "अक्षता कुठं गेल्या हो?" काय सांगणार होतो मी त्यांना?

भागीदार आजही म्हणतो, कन्व्हर्ट केलं नसतं तर त्या मशीनवर काम झालंच नसतं. हे खोटं आहे. हलक्या फाइली बनवण्याला माझा विरोध कधीच नव्हता, मूळ फाइल पुसण्याला होता. हलक्या फाइलवर कटिंग करायचं आणि एक्सपोर्टला मूळ फाइल जोडायची, यालाच प्रॉक्सी म्हणतात. एडिटिंगचं सॉफ्टवेअर प्रीमियर घ्या नाहीतर रिझॉल्व्ह, सोय आतच आहे. तुम्ही तेच करा. फुटेज दोन हार्डडिस्कवर उतरल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका.

कोणी तुम्हाला प्रोरेस या एडिटिंगसाठीच्या जड फॉरमॅटमध्ये कन्व्हर्ट करा असंही सांगेल. प्रोरेसमध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण असते, म्हणून टाइमलाइन झरझर पळते, क्वालिटीही टिकते. पण फोर-के प्रोरेस 422 ला तासाला साधारण 220 जीबी लागतात, आणि कॅमेऱ्याने जे टिपलंच नाही ते त्यातून निघत नाही. लग्नाच्या कामाला मला ते परवडत नाही.

दोन ठिकाणी मात्र कन्व्हर्ट करावंच लागतं, हे आधीच सांगायला हवं होतं. मोबाइलच्या फुटेजचा फ्रेम रेट कमी-जास्त होत असतो, आणि लांब क्लिपमध्ये आवाज हळूहळू पुढं-मागं सरकतो. ते हँडब्रेक या कन्व्हर्ट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉन्स्टंट, म्हणजे एकसारख्या फ्रेम रेटला, क्वालिटी चढी ठेवून करून घ्या. दुसरं, नव्या कॅमेऱ्यांचं एच-265, 10 बिट, 4:2:2 फुटेज, म्हणजे व्हिडिओ जास्त दाबून पण रंगाची माहिती जास्त ठेवून साठवलेलं. इंटेलच्या 11व्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधलं अंगचं ग्राफिक्स ते उलगडतं, पण एनव्हिडियाच्या 50 सिरीजच्या आधीच्या ग्राफिक्स कार्डांना जमत नाही. तुमचं फुटेज त्यातलं असेल, मशीन जुनं असेल आणि प्रॉक्सीवर रंगाचं काम करायचं नसेल, तर डिस्क घ्या आणि प्रोरेस करा.

आमचं फुटेज साधं 8 बिट एच-264, म्हणजे एच-265 च्या आधीच्या पद्धतीचं होतं. त्या दिवसाचं सगळं मिळून 90 जीबीसुद्धा भरलं नसतं, आणि ऑफिसात 500 जीबीची डिस्क अर्धी रिकामी पडून होती.