'इर' आणि 'सेर' यांचा भूतकाळ एकच कसा?

प्रश्न : मी आर्वी तालुक्यातील एका गावात राहून घरीच स्पॅनिश शिकत आहे. 'इर' म्हणजे जाणे. परंतु त्याची वर्तमानकाळातील रूपे 'बोय, बास, बा' अशी होतात, आणि भूतकाळातील 'फुई' हे रूप 'सेर' म्हणजे असणे या क्रियापदाचेही आहे. हे ध्यानात कसे ठेवावे?

उत्तर : 'इर' या क्रियापदात लॅटिनमधील तीन वेगवेगळी क्रियापदे मिसळली आहेत : 'इर' व 'इबा' (जात असे) एका मुळाचे, 'बोय' दुसऱ्याचे, आणि 'फुई' हे तर मुळात असणे या अर्थाच्या क्रियापदाचेच. मराठीतही 'जातो' आणि 'गेलो' यांत साम्य नाहीच, त्यामुळे आपण फार बिचकू नये.

'बोय, बास, बा, बामोस, बाईस, बान' ही रूपे (अनुक्रमे मी, तू, तो किंवा ती, आम्ही, तुम्ही, ते यांची) मोठ्याने म्हणावीत. 'बाईस' मुख्यतः स्पेनमध्ये चालते, लॅटिन अमेरिकेत त्याऐवजी 'बान' म्हणतात. 'फुई'चा अर्थ वाक्यावरून ठरतो : 'फुई आ वर्धा' म्हणजे मी वर्ध्याला गेलो, तर 'फुई माएस्त्रो' म्हणजे मी शिक्षक होतो. पुढे ठिकाण दाखवणारा 'आ' आला की बहुधा जाणेच अभिप्रेत असते. सर्वांत उपयोगी रचना मात्र भविष्याची आहे : 'बोय आ सेम्ब्रार आल्गोदोन', म्हणजे मी कापूस पेरणार आहे. येथे 'आ'नंतरचे क्रियापद मूळ रूपातच राहते, म्हणून आमच्या मते सुरुवात याच रचनेपासून करावी.