आधी प्रश्न ऐक

प्रिय,

तुझे पत्र दोनदा वाचले. अत्याचाराच्या प्रकरणातील सहा वर्षांच्या मुलीची ध्वनिचित्रमुद्रित मुलाखत पाहून ‘ती खरे बोलते आहे की तिला पढवले आहे’ एवढ्याच प्रश्नाशी तू अडून बसली आहेस, आणि माझी नाराजी नेमकी त्यावरच आहे. याचे उत्तर मुलीच्या चेहऱ्यावर शोधू नकोस. आधी विचारणाऱ्याचे प्रश्न ऐक.

हे मी उशिरा शिकले. मुलाच्या ताब्याच्या एका दाव्यात मुलाखतीच्या टंकलिखित गोषवाऱ्यावर विसंबून मी न्यायालयाला अहवाल दिला. मूळ ध्वनिचित्रमुद्रण पाहिले तोवर वडिलांच्या भेटी बंद होऊन वर्ष लोटले होते. एकाच प्रश्नाला मुलगा चार वेळा ‘नाही’ म्हणाला होता, पाचव्यांदा त्याने नुसती मान हलवली होती, आणि गोषवाऱ्यात उतरली होती ती फक्त मान. दुसऱ्या प्रकरणात मी उलट चुकले. मुलगी खेळण्याशी चाळा करत, जवळजवळ हसत सांगत होती, म्हणून मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. विचारणाऱ्या बाईंनी ‘मग काय झाले?’ याखेरीज काहीही विचारले नव्हते, हे माझ्या लक्षातच आले नाही. त्या मुलीची आठवण मला अजून झोपू देत नाही.

प्रश्न तपासण्याच्या आग्रहापायी लोक मला हटवादी म्हणत. पण 1987 साली इंग्लंडमधील क्लीव्हलंड येथे 121 मुलांवर लैंगिक अत्याचार झाल्याचे निदान केले गेले आणि पुढच्या वर्षी न्यायाधीश बटलर-स्लॉस यांच्या चौकशीच्या अहवालाने खुले, म्हणजे उत्तर न सुचवणारे प्रश्न विचारा, मुलांना वारंवार मुलाखतीला बसवू नका, असे बजावले, ते काय हटवादापोटी? 1994 साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही उत्तर सुचवणाऱ्या प्रश्नांनी बालकाची साक्ष दूषित झाली आहे का, हे खटल्याआधीच तपासायला सांगितले. मुद्रणाचे मोल यातच आहे, की त्यात उत्तराबरोबर प्रश्नही जपला जातो.

म्हणून पाहा: ‘माहीत नाही’ म्हटले तरी चालेल, असे मुलीला सुरुवातीला सांगितले होते का? एखादी साधी घटना तिच्या शब्दांत सांगून घेतली होती का? आरोपीचे नाव प्रथम कोणाच्या तोंडून आले? आईने रात्री घाबरून मोबाइलवर केलेले मुद्रण खोटे म्हणून फेकू नकोस, पण बटण दाबण्याआधी काय बोलणे झाले, ते विचारल्याशिवाय स्वीकारूही नकोस. आणि शंका आली म्हणून मुलीला पुन्हा मुलाखतीला बसवण्याची घाई तर मुळीच नको. प्रत्येक फेरीत विचारणाऱ्याचे शब्द तिच्या आठवणीत मिसळत जातात.

तुझ्याकडची फीत ‘हो, तिथेच’ या शब्दांनी सुरू होते, असे तू सहज लिहून गेलीस. अगं, त्याआधीचा प्रश्न कुठे आहे? न्यायालयामार्फत संपूर्ण मुद्रण मागव, आणि तोवर अहवालातला एकही शब्द लिहू नकोस.