डेटाशीटमधल्या फॉस्टर मॉडेलला हीटसिंकचं मॉडेल थेट जोडता येतं का?

आयजीबीटी (मोठा प्रवाह चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) मॉड्यूलच्या डेटाशीटमध्ये चार आर (उष्णतेच्या वाटेतले रेझिस्टन्स) आणि चार टाऊ (त्यांचे टाइम कॉन्स्टंट) दिलेत, म्हणजेच फॉस्टर मॉडेल; त्यांच्या शेपटीला आपल्या हीटसिंकचे आरसी (रेझिस्टन्स-कपॅसिटर) जोडले तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. सिम्युलेशन चालेल, एररही येणार नाही. पल्सचं उत्तर मात्र चुकेल. मी हे करून बसलोय.

माझ्या मॉडेलमध्ये केस (मॉड्यूलचा हीटसिंकला टेकणारा तळ) आणि हीटसिंकच्या मध्ये थर्मल पेस्टचा 0.2 केल्विन प्रति वॅट एवढा नुसता रेझिस्टन्स होता. 150 वॅटचा पल्स दिला आणि केसचं तापमान पहिल्याच टाइम स्टेपला 30 अंशांनी वर उडालं. मायक्रोसेकंदात! खरी उष्णता सिलिकॉन, सोल्डर, सिरॅमिक, तांब्याची बेसप्लेट असं एकेक तापवत खाली उतरते. इतक्यात ती तिथे पोचेलच कशी?

फॉस्टरमध्ये कपॅसिटर (उष्णता साठवणारा घटक) रेझिस्टन्सला समांतर असतो, ग्राउंडला (स्थिर संदर्भ तापमानाला) जोडलेला नसतो. त्यामुळे वरून जितके वॅट शिरतात तितके त्याच क्षणी खालून बाहेर पडतात. मुळात ती तापण्याच्या मोजलेल्या वक्राला बसवलेली चार घातांकी पदांची बेरीज आहे. पटत नसेल तर चारही जोड्यांचा क्रम उलटा करून बघा: केसचं तापमान स्थिर ठेवा, जंक्शनचं (आतल्या चिपचं) तापमान तसूभरही हलणार नाही. तेव्हा मधल्या एखाद्या नोडला 'सोल्डरचं तापमान' म्हणू नका.

जोडायचंच असेल तर आधी त्याचं काउअर मॉडेल (दुसऱ्या रचनेचं आरसी मॉडेल) करून घ्या. त्यात प्रत्येक कपॅसिटर ग्राउंडला जातो, म्हणून उष्णता वाटेत साठते. चारही पदं एकत्र करून एकच परिमेय फल (दोन बहुपदींचा भागाकार) मांडायचं आणि भागाकार करत एकाआड एक कपॅसिटर आणि रेझिस्टन्स बाहेर काढायचा. टाऊंमध्ये फार तफावत असेल तर राउंडिंगच्या चुका घात करतात, दशांश स्थळं हात आखडून घेऊ नका. एक मेख उरतेच: वक्र ज्या कूलिंगवर मोजला, त्याची छाप शेवटच्या पायऱ्यांवर राहते. तुमचं कूलिंग फार वेगळं असेल तर बेसप्लेटमध्ये उष्णता वेगळी पसरते.

केसचं तापमान थर्मोकपलने मोजलेलं असेल आणि तेच इनपुट म्हणून देणार असाल, तर फॉस्टर पुरतं. स्थिर अवस्थेत तर दोन्ही एकच उत्तर देतात. शेजारच्या डायोडची उष्णता मात्र या चार जोड्यांत कुठेच नसते, ती वेगळी धरा.